आठ बाप्यांचं घर

"आठ बाप्ये राहतात त्या घरात. आठ! आणि बाईमाणूस एक नाही." वहिनींनी कुंपणावरून बातमी दिली आणि मागोमाग कढीपत्त्याची जुडी दिली. आमच्याकडे या दोन गोष्टी बरोबरच येतात.

हे कुंपण न्यू जर्सीतलं, पांढऱ्या प्लॅस्टिकचं, छातीपर्यंत उंच. पलीकडे वहिनी, मूळच्या नाशिकच्या. उन्हाळ्यात त्यांच्या सासूबाई पुण्याहून येतात. त्यांना मी मावशी म्हणते. आम्ही बोलायला लागलो की मावशी खुर्ची कुंपणाजवळ ओढतात, मांडीवर घेवड्याच्या शेंगा घेतात आणि आपल्याला ऐकू कमी येतं असं दाखवतात.

बातमी कोपऱ्यावरच्या घराची होती. तिथलं म्हातारं जोडपं फ्लोरिडाला गेलं, घर भाड्याने दिलं. वहिनींच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून ते घर सरळ दिसतं, त्यामुळे तपास कसून झालेला. "आधी वाटलं, कुठल्याशा कंपनीने आपली माणसं ठेवलीत. पण एक गोरा साठीचा, एक काळा पोरगेलासा, दोघं स्पॅनिश बोलणारे, एक तर आपल्याकडचाच वाटतो. कुणाचा कुणाशी मेळ नाही. सकाळी उजाडायच्या आत निम्मे कामाला. रविवारी संध्याकाळी सगळे वही घेऊन टेबलाशी बसतात. आणि मुख्य म्हणजे, ताई, रिसायकलिंगच्या डब्यात बिअरचा एक कॅन नाही. आठ पुरुष आणि एक कॅन नाही! मला तिथेच संशय आला."

संशय रास्त होता. मला त्यांच्यातल्याच एकाने कचऱ्याचे डबे रस्त्यावर आणताना आपण होऊन सांगितलं होतं, तेही हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात इतक्या सहज. मी म्हटलं, "ते सोबर हाउस आहे, वहिनी. दारू, गोळ्या, पावडर यातून बाहेर पडलेल्यांचं. ऑक्सफर्ड हाउस म्हणतात."

"म्हणजे बेवडे?"

"न पिणारे बेवडे," मावशी खुर्चीतून म्हणाल्या. ऐकू कमी येतं ते असं.

वहिनींचे प्रश्न मग एकामागून एक आले. डॉक्टर असेल ना तिथे? नाही. नर्स? नाही. वॉर्डन, मॅनेजर, निदान रात्रीचा वॉचमन? कुणीही नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा जास्तच पडला. खरं तर त्या घराची सगळी मेख इथेच आहे.

या घरांचा जन्म मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगचा, साल १९७५. तिथे सरकारी पैशावर चालणारं एक हाफ-वे हाउस होतं. म्हणजे उपचार संपल्यावर आणि घरी जायच्या आधी राहायची जागा. पैसे संपले म्हणून ते बंद करायचं ठरलं. आत राहणाऱ्यांत पॉल मोलॉय नावाचा वकील होता, दारूपायी संसार गमावून बसलेला. त्याने आणि इतरांनी हिशोब मांडला. आपण सगळे कमावतो, मग भाडं आपणच का देऊ नये? सरकारी घरात सहा महिन्यांनी खोली सोडावी लागे, आणि बाहेर पडलेले बरेचसे पुन्हा प्यायला लागत, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तेच घर भाड्याने घेतलं, पगारी माणूस एकही ठेवला नाही आणि मुदतीचा नियम काढून टाकला. जोवर पीत नाहीस आणि भाडं देतोस, तोवर राहा. मग महिने लागोत की वर्षं. मोलॉय २०२२ मध्ये गेला. आज अमेरिकेत अशी हजारो घरं आहेत, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी.

नियम मोजके. घर मतदानाने चालवायचं. खर्च आपला आपण भागवायचा, भाडं, वीज, टॉयलेट पेपरसकट सगळं समान वाटून. आणि जो पुन्हा घेईल त्याला घराबाहेर काढायचं. दर आठवड्याला बैठक होते. वहिनींना खिडकीतून दिसणारी वही ती हीच. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस असे पदाधिकारी निवडतात आणि सहा महिन्यांनी बदलतात, म्हणजे कुणी खुर्चीला चिकटून राहू नये. कामं वाटून देणारा आणि ती झाली की नाही ते बघणारा एक स्वतंत्र पदाधिकारी असतो. संडास कुणी घासायचा, गवत कुणी कापायचं, हे त्याच्या यादीत. न केल्यास दंड.

"दंड? कामं न करणाऱ्या पुरुषाला?" वहिनी पहिल्यांदाच खूश झाल्या. "हा पदाधिकारी आमच्याकडे रविवारचा पाठवतील का?"

मावशींना मात्र मतदानातच रस. नवा माणूस घ्यायचा तर आधी त्याची मुलाखत होते आणि राहणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के हात वर व्हावे लागतात, हे ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी कोरम जमत नाही आणि हे दारू सोडलेले लोक ऐंशी टक्के जमवतात!"

आणखी एक खुबी सांगते. चेकबुक कधीकधी मुद्दाम नव्याच्या हातात देतात. कालपर्यंत ज्याच्या हाती घरच्यांनी किराण्याचे पैसे दिले नसते, त्याच्याकडे आठ जणांचं भाडं. मला आधी हे भाबडेपणाचं वाटलं असतं, पण बाकी सातजण दर आठवड्याला आकडे तपासतात आणि हे सातही कच्च्या गुरूचे चेले नाहीत. पैसे कसे गायब करायचे, बाटली फ्लशच्या टाकीत कशी टिकते, तोंडाचा वास कशाने मारायचा, सगळं ज्याने त्याने स्वतः करून झालेलं. अशांना फसवायचं म्हणजे कठीणच.

"पण एकदा चुकला की त्याच दिवशी बाहेर? थंडीत? निर्दयच की," वहिनी म्हणाल्या.

इथे मावशींनी शेंगांचं ताट खाली ठेवलं.

"निर्दय? मग ऐक. आमच्या बिल्डिंगमधला एकजण, नाव नको. बँकेत नोकरी, माणूस स्वभावाने सोन्यासारखा. महिनाभर केंद्रात राहून सुटून आला. बायकोने ओवाळून घरात घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिची ड्यूटी सुरू. दार उघडायचं ते नाक पुढे करून. खिसे तपासायचे. एटीएमचं कार्ड तिच्याकडे, स्कूटरची किल्ली तिच्याकडे. लग्नाला जायचं तर आधी वरातीत कोण कोण आहे ते बघायचं. अडीच महिने काढले तिने. मग तो एक दिवस पिऊन आला, आणि सासू काय म्हणाली तिला? 'तुझं लक्ष कुठे होतं?' सोडायची त्याने, आणि नापास व्हायची हिने!"

कुणी काही बोललं नाही. मावशींनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

मावशींचं बरंचसं आयुष्य येरवड्याच्या बाजूला गेलं, त्यामुळे हा विषय त्यांना ऐकीव नाही. अनिल अवचटांची गर्दवरची लेखमाला त्यांनी वाचलेली. ब्राउन शुगरने पोरं कशी पोखरली जातात हे मराठी घरांना पहिल्यांदा कळलं ते त्या लेखांतून. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. अनिताताई तिथे मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्या १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत. काम मुलगी मुक्ता पुणतांबेकर बघतात. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे समुपदेशक होतात, आणि रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण मावशींनी सांगितलेली ड्यूटी तिथे येणाऱ्या प्रत्येकीने केलेली असते.

तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. त्यानंतर फॉलोअप असतो, एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मिटिंगा असतात, चांगली केंद्रं माणसाला धरून ठेवायची पराकाष्ठा करतात. पण छत्तिसाव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तो असतो कुठे? आपल्या घरी, त्याच गल्लीत, त्याच पानपट्टीसमोर, 'एकाने काय होतं रे' म्हणणाऱ्या त्याच मित्रांत. शरीरातली दारू काही दिवसांत उतरते. ही संध्याकाळ मात्र रोज येते. कोपऱ्यावरच्या घरात त्या वेळी सातजण स्वयंपाकघरात भांडत असतात, आज भांडी कुणाची पाळी म्हणून. मला विचाराल तर उपचारांइतकंच मोल या भांडणाला आहे.

"ते सगळं खरं," वहिनी म्हणाल्या, "पण घरांच्या किमती?"

आता बोलणं मुद्द्यावर आलं. अमेरिकेतली मराठी माणसं देवाला आणि घराच्या किमतीला सारखीच भितात. वहिनींचं म्हणणं असं की टाउनशिपमध्ये तक्रार द्यावी. एका कुटुंबासाठी असलेल्या घरात आठ परके कसे राहतात? हा सवाल त्यांच्या आधी बऱ्याच जणांनी विचारून झालाय, तोही आमच्याच राज्यात. १९९१ मध्ये प्लेनफील्ड शहराने असंच एक घर हटवायचा प्रयत्न केला, १९९२ मध्ये चेरी हिलचं प्रकरण कोर्टात गेलं. दोन्हीकडे संघराज्याच्या कोर्टाने घराच्या बाजूने मनाई हुकूम दिले. मग पार पलीकडच्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स गावाने नियमावर बोट ठेवलं: नात्यातले कितीही राहा, बिननात्याचे पाचापेक्षा जास्त नकोत. ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला, लिहिला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. कुटुंब कशाला म्हणायचं अशी व्याख्या करून गावाला घरहक्काच्या कायद्यातून सुटता येणार नाही, असा त्याचा सारांश. त्या कायद्याने व्यसनातून बरं होत असलेल्या माणसाला अपंगत्वाचं संरक्षण आहे. आज नशा करत असलेल्याला ते नाही.

"नात्यातले कितीही?" मावशींना हेच लक्षात राहिलं. "म्हणजे आमच्या वाड्यात चुलत-मावस मिळून बावीसजण होतो ते चाललं असतं, आणि हे आठ नाही? आणि त्या बावीसांत पिणारे किती होते ते मला विचार."

किमतींचं म्हणाल तर शिकागोच्या डी-पॉल विद्यापीठात लेनर्ड जेसन नावाचे प्राध्यापक या घरांचा कित्येक वर्षं अभ्यास करताहेत. शेजाऱ्यांना विचारलं तेव्हा अगदी लगत राहणाऱ्यांचं मत दूरच्यांपेक्षा चांगलं निघालं आणि किमती पडल्याचं दिसलं नाही. त्यांचा मोठा अभ्यास २००६ मध्ये छापून आला. उपचार संपवून निघालेले दीडशे लोक घेतले, निम्मे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठवले, निम्मे नेहमीच्या वाटेने. दोन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के नशा करत होते आणि या घरांत गेलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के. नोकरीला असलेलेही या दुसऱ्या गटात जास्त. म्हणजे शंभरातले एकतीस तरीही घसरलेच, हे वहिनींनी लगेच दाखवून दिलं. दाखवू देत. निम्म्याने कमी हे दारूच्या बाबतीत फार मोठं आहे. ज्यांच्या घरात कुणी पितं त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही.

वहिनींच्या शंकेत तथ्य एका जागी नक्की आहे, आणि ते मी त्यांना दिलंही. सोबर हाउस अशी पाटी लावणारं प्रत्येक घर असं नसतं. फ्लोरिडात या नावाखाली दलाली चालली: विमा असलेला पेशंट या घरातून त्या घरात विकायचा, लघवीच्या तपासण्यांची बिलं लावायची, आणि तो पुन्हा प्यायला लागला तर नवं बिल, म्हणजे आणखी बरं. ॲरिझोनात त्याहून वाईट. तिथल्या मूलनिवासी लोकांसाठी सरकारी विम्याची स्वतंत्र योजना आहे. नावाहो आणि इतर जमातींच्या माणसांना जेवण-निवाऱ्याचं आमिष दाखवून गाड्यांत घालून फिनिक्सला आणलं, घरांत कोंबलं आणि न दिलेल्या उपचारांची बिलं सरकारला लावली. २०२३ च्या मे महिन्यात राज्य सरकारने ते उघड करून पैसे थांबवले, तेव्हा घरं रातोरात बंद झाली आणि कित्येकजण परक्या शहरात रस्त्यावर आले. आपल्याकडेही व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून मारणारी केंद्रं आहेत, बातम्या येतातच. माझी पारख साधी आहे. पैसा कुणाच्या खिशात जातो आणि राहणाऱ्याला दार उघडून जाता येतं का, एवढं बघावं. कोपऱ्यावरच्या घरात नफा खाणारा कुणी नाही आणि दाराला बाहेरून कडी नाही.

एवढ्यात त्या घरातला साठीचा गोरा माणूस अंगणात येऊन खोकायला लागला. मावशींना खोकला ऐकवत नाही. "बिचारा. मी आणलंय ना पुण्याहून द्राक्षासव, दोन चमचे दे नेऊन."

मी अक्षरशः कुंपणावरून हात पुढे केला. आसव-अरिष्टं आंबवूनच होतात, त्यांत अल्कोहोल असतंच, आणि तिथे माउथवॉशची बाटलीसुद्धा लेबल वाचून आणतात. नाताळात शेजारधर्म म्हणून रम केक नेऊन देणारे आणि दिवाळीत लिकर चॉकलेटचा डबा पाठवणारे आपले लोक मनाने चांगलेच असतात, पण त्या घराला त्यांचीच जास्त भीती. मावशी जरा हिरमुसल्या. "मग आलं-गवती चहा?" तो चालतो. मसाला दूध, पुरणपोळी, श्रीखंड सगळं चालतं. नशा सोडलेल्यांना गोड फार लागतं म्हणे. आमच्या घरचे बेसनाचे लाडू तिथे चाललेले मी पाहिलेत.

वहिनींना दुसरी भीती होती. आणि त्यातला कुणी गोळ्यांच्या ओव्हरडोसने पडलाच तर? तर नाकात मारायचा नॅलोक्झोनचा फवारा असतो. न्यू जर्सीत २०२३ पासून तो ठरावीक औषध दुकानांत चौदा वर्षांवरच्या कुणालाही फुकट मिळतो, नावही विचारत नाहीत. वहिनींनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांचा मोठा मुलगा यंदा कॉलेजला जातोय. पुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

"आपल्याकडे का नाही असं घर?" मावशी म्हणाल्या, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "नाहीच होणार. साध्या बॅचलरला खोली देत नाहीत. सोसायटीच्या फाटकावर पाटी असते, फक्त कुटुंबांसाठी. त्यात हे सहा-आठजण जाऊन काय सांगणार, आम्ही दारू सोडल्येय, खोली द्या? पिणारा असता तर मिळाली असती. त्याने सांगितलंच नसतं."

कागदावर आपण मागे नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि नशेमुळे होणारे मनोविकार धरले आहेत आणि हाफ-वे होम सरकारने उपलब्ध करावीत असंही लिहिलंय. एम्सने केलेल्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०१९ मध्ये आले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळालेला. जिथे उपचाराचीच ही कथा, तिथे उपचारानंतरच्या घराचं कोण बोलणार, असं म्हणतात. मला ते पटत नाही. उपचाराला डॉक्टर लागतात, खाटा लागतात, सरकार लागतं. या घराला लागतो एक तीन खोल्यांचा फ्लॅट, पगार असलेले सहाजण आणि एक घरमालक. अडतंय ते घरमालकापाशी. शिवाय आपल्याला वाटतं, स्वतःचं घर असताना माणसाने परक्यांत का राहावं, लोक काय म्हणतील? लोक काय म्हणतात ते त्या बँकवाल्याच्या बायकोला विचारा.

वहिनींचा बाणेरला एक फ्लॅट आहे. तीन बेडरूमचा, गुंतवणूक म्हणून घेतलेला. वर्षातून दोन आठवडे उघडतो, एरवी मेंटेनन्स भरत कुलपात. हे मी बोलले नाही, मावशी बोलल्या. वहिनी म्हणाल्या, सोसायटी परवानगी देणार नाही. मावशी म्हणाल्या, सोसायटीचा सेक्रेटरी कोण आहे ते मला माहीत आहे, आणि तो संध्याकाळी कुठे असतो तेही. वहिनींनी 'बघू' म्हटलं. त्यांचं 'बघू' म्हणजे निम्मं नाही असतं, निम्मं राहतं.

असे कुलूपबंद फ्लॅट आपल्यातल्या पुष्कळांचे आहेत. बाणेरला, वाकडला, नाशिकच्या गंगापूर रोडला, नागपुरात. तुमचाही असेल, तर एखाद्या नावाजलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला फोन करून विचारा, तुमच्याकडून बाहेर पडलेले, कमावते, एकत्र राहायला तयार असे सहाजण आहेत का. ते आले की दोनच प्रश्न करा: भाडं सहाजण मिळून देणार ना, आणि एकाने घेतली तर बाकीचे पाच त्याला त्याच दिवशी बाहेर काढणार ना? दोन्हीला हो आलं तर भाडेकरार करा आणि किल्ली द्या.